रुईचं सुतक

आत्याबाई, मला आता लिहिता येतं. तुमी असता तर पदर तोंडाला लावून हसला असता आन् म्हणला असता, "म्हातारपणी हे काय गं नवं खूळ!" पण खरंच येतं. मारुतीच्या पाराशेजारच्या खोलीत आमा बायांचा वर्ग भरतो, दुपारी, भांडी घासून झाल्यावर. मास्तरीणबाई माह्या नातीच्या वयाची हाय. तिनं सांगितलं, कुणालातरी चार ओळींचं पत्र लिहून आणा. कुणी लेकाला लिहिलं, कुणी भावाला, एकीनं तर जावयाला लिहून त्याच्या म्हशीची खुशाली विचारली. मी वही घेऊन बसले आन् मला तुमीच आठवलात. चार ओळी कवाच्या झाल्या. किती दुपारी गेल्या ध्यानात न्हाई, पण माहं लिहिणं काही सरंना. तुमच्यासंगं बोलायला बसलं की पहिल्यापासून असंच व्हायचं, तव्यावरच्या भाकरी करपायच्या.

त्याला कारणबी घडलं. दिवाळीला नात आली होती, नांदेडला कॉलेजात हाय ती. पाय चेपता चेपता मला म्हणली, "आजी, तुला काय पाहिजे होतं गं आयुष्यात?" मी म्हणलं, "हे मला एकदा विचारलं होतं एका बाईनं. तुह्या पणजीनं." तिला पटंना. म्हणली, "सासू कुठं असं विचारती का?" आता तिला काय सांगू! तुमचा फटकळपणा साऱ्या शिरड शहापुराला मालूम होता. तुमी बोलायला लागलात की कोंबड्या अंगणातून उठून जायच्या. ते समदं सांगितलं तिला. विचारल्याचं मात्र तोंडानं नीट सांगता आलं न्हाई. म्हणून लिहून राहिले.

तुमचा थोरला, माहा मालक, हट्ट्याकडच्या रानात मेंढरं घेऊन गेला होता, तिथंच ताप भरला आन् गाडीत घालून घरी आणला. बोलला न्हाई पुन्हा. माही लेक तवा रांगत होती. तुमी दारात बसून नुसती भुई थोपटत होता. मला रडू नको म्हणणारं कुणी न्हाई आन् रड म्हणणारंबी कुणी न्हाई. मग वरीस सरलं न सरलं तोच भाऊकी ओसरीवर येऊन बसली. आपल्यात विधवेचा पाट लागतो, त्याचं कुणाला नवल न्हाई. थोरला गेला तर धाकला हाय, घरचं माणूस घरात राहील, लेकराला बाप मिळंल. आन् पाट नको असंल तर बाईनं माहेरी जावं. लेकरू मात्र बापाच्या घरचं, ते इथंच राहील. एवढं बोलून त्यांनी चहा घेतला न् उठले. मी भिंतीमागं उभी होते. माही पोर माह्या कडेवर होती, तिचं बोट माह्या तोंडात. ते बोट काढून घ्यायचीबी सुध राहिली न्हाई मला.

आन् तुमी किती खूश, आत्याबाई! भावजी म्हणजे तुमचा धाकला, माह्यापेक्षा लहान. मी लगीन होऊन आले तवा ते चिंचा पाडत हिंडायचे आन् त्यांच्या फाटक्या कोपरीला टाके मी घालायचे. त्यांचं लगीन व्हायचं होतं. कुवाऱ्या पोरानं विधवेसंगं पाट लावायचा तर आधी त्याचं लगीन रुईच्या झाडाशी लावायचं, ही आपली जुनी रीत. पहिलं लगीन झाडाशी झालं म्हणजे पाटाचं लगीन दुसरं होतं, कुणाला नख लागत न्हाई. तुमाला तर एवढी घाई की गावाबाहेरच्या पडीत हिरवीगार रुई बघितली, आन् शनिवारी भावजींना नवं मुंडासं बांधून उभं केलं. रुईला हळद लावली, सूत गुंडाळलं, अक्षता टाकल्या. भावजी झाडाकडं बघून म्हणले, "नवरी लई लाजाळू दिसती, बोलंना!" समदे हसले. मी घरी मेंढरांना पाणी दाखवत होते. हसू माह्या कानावर आलं. नवरीला झाडाला विचारायचं कारण न्हाई, पण मलाबी कुणी विचारलं न्हाई.

पुढचं मला लख्ख आठवतं. दुपार हाय. तुमी ओसरीवर लोकर कातत बसला हायेत, हाताला अजून रुईच्या लगनाची हळद हाय. मी ताटातली भाकर तशीच शिंक्यात ठेवून दिली. तुमी चाती थांबवली.

"काहून गं? भाकर काहून ठेवली?"

"भूक न्हाई."

"भूक न्हाई का पाट न्हाई?"

मी शिंकं सारखं करत राहिले. तुमी पुन्हा म्हणलात, "पोरगं वाईट हाय का माहं?"

"वाईट काहून असंल? भावासारखे हायेत ते. त्यांच्यासंगं मला... न्हाई व्हायचं, आत्याबाई."

वाटलं आता चाती डोक्यात घालता. तुमी लोकरीतला एक काटा काढलात, बाजूला टाकलात आन् म्हणलात, "बरं. मग काय पाहिजे तुला?"

"मला काही नको."

तवा भडकलात. "खोटं बोलू नको! ज्याला काहीच नको तो मसणात असतो. नको ते तर शेरडालाबी सांगता येतं, मुंडकं फिरवलं की झालं. तू माणूस हायेस. पाहिजे ते सांग."

मी तोंड उघडलं आन् आत काहीच नव्हतं. खरं सांगते, काहीच नव्हतं. माहेरी आईनं सांगितलं ते केलं, इथं तुमी सांगितलं ते केलं, मधी मालकानं सांगितलं ते केलं. माहं म्हणून काय हाय ते कधी उकरूनच बघितलं नव्हतं. मी रडायला लागले, नाकाडोळ्यांतून.  मग तुमी काय म्हणलात ते मी कुणाला सांगितलं तर माहंच कुणी खरं मानत न्हाई. तुमी म्हणलात, "रुईचं लगीन जल्दीत लावलं. चुकलं माहं. आधी तुला विचारायला पाहिजे होतं." सासूच्या तोंडून 'चुकलं' ऐकलेली साऱ्या परगण्यात मी एकटीच असंन.

"दिवाळी झाली की मेंढरामागं जा," तुमी म्हणलात. "वैशाखात आखाजीला पंच बसत्याल. तवर त्यांना मी आवरते. चाल, हिंड. पायाला काय गोड लागतं ते बघ, आन् येऊन मला सांग." आन् आतून थोरल्याचं घोंगडं आणून माह्या खांद्यावर टाकलंत. चुलत सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. मेलेल्या नवऱ्याचं घोंगडं विधवेच्या अंगावर, काय ही तऱ्हा! तुमी म्हणलात, "थंडीला मालूम न्हाई ते कुणाचं हाय."

तर मी निघाले. चुलत सासरे, चुलत सासू आन् मी. घोड्यावर भांडीकुंडी, त्यावर दोन कोकरं आन् कोकरांच्या मधी माही लेक, समद्यांच्या वर राणीसारखी बसलेली. रोज नवं रान. जवारी निघालेली असायची. कुणब्याच्या रानात वाघरीचं जाळं लावून मेंढरं बसवायची. त्यांच्या लेंड्यांचं त्याला खत, त्याच्या जवारीची आमाला भाकर. पहिल्या पंधरवड्यात पायाचे पाय राहिले न्हाईत. मग चालणं अंगात मुरलं. पहाटं मेंढरं उठायची, त्यांच्या अंगाची वाफ निघायची, आन् मला उगंच हसू यायचं. कुणाला सांगायचं न्हाई, कुणाला विचारायचं न्हाई, मेंढरू जिकडं चरंल तिकडं आपण. कोकरू आडवं आलं तर मी हात घालून सोडवायला शिकले. लांडगं दिसलं तर ओरडायला शिकले. चुलत सासरे म्हणले, "तुह्या सासूचा गळा आलाय तुला." मला तर लई भारी वाटलं बघा.

जवळा बाजारला लोकर विकायला चुलत सासऱ्यांसंगं मी गेले. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून व्यापाऱ्यासंगं मीच बोलले. तो दखनीत बोलायचा, मी माह्या बोलीत, आन् दोघांनाबी एकमेकांचं बराबर कळत होतं. त्यानं लोकर चोळून बघितली, म्हणला, "बाई, माल साफ है." मान ताठ करून बाजारातून चालत आले. लेकीला शेव घेतली. चुलत सासूबाई म्हणल्या, "आज काय पाटलीणबाईची स्वारी!" म्हणा की, मी म्हणलं.

पण माघ सरला आन् मला घर आठवायला लागलं. माणसं नव्हं हो, नुसती चूल. तीन दगडांवर रोज नव्या जागी धूर खायचा. वाटायचं, एक लिपलेली चूल असावी, मागं भिंत असावी, भिंतीत देवळी असावी. चालत असले की चूल पाहिजे वाटायची, आन् मला ठाऊक होतं की चुलीपाशी बसले असते तर चालावं वाटलं असतं. मी स्वतःवरच चिडायचे. म्हणलं, हे काय ध्यान हाय, ह्याला धड काहीच गोड लागत न्हाई!

तशात हट्ट्याजवळ एका मोठ्या घरच्या रानात आमी मेंढरं बसवली. घरची थोरली सून गड्यासंगं जवारी घेऊन आली. गळ्यात सोनं, पायात जोडवी, हात कसे लोण्यासारखे. माह्या मनात आलं, हिची चूल केवढी असंल! ती माह्या लेकीला मांडीवर घेऊन बसली आन् म्हणली, "तुमाला बरं हाय बाई. रोज नवं गाव. मी लगीन होऊन आले तवापासून विहीर आन् उंबरा, उंबरा आन् विहीर. आज सासरे परगावी गेलेत म्हणून रानात तरी आले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे ती माह्या चालण्याकडं बघून राहिली होती आन् मी तिच्या चुलीकडं. ती गेल्यावर मी जाळ्याला टेकून हसत बसले. चुलत सासूबाईंना वाटलं, ऊन लागलं. मला हलकं वाटत होतं. धड एकच काही पाहिजे असायला पाहिजे, असं कुणी सांगितलंय? तिला समदं घर मिळालं होतं न् ती रानासाठी रडत होती. मला दोन्ही थोडं थोडं पाहिजे होतं. तेवढं कळलं आन् मग परतीच्या वाटेनं मी समदं घोकत आले, मेंढरांना ऐकवत आले. मेंढरांनी कशालाच नको म्हणलं न्हाई.

आखाजीला पंच लिंबाखाली बसले. घोंगडी अंथरलेल्या, पान-तंबाखू चाललेली. मी खोडाआड उभी, लेक माह्या पदरात. तुमी घरातून निघताना मला नुसतं विचारलंत, "सापडलं का?" मी म्हणलं, "व्हय." काय सापडलं ते तुमी विचारलं न्हाई. म्हणलात, "तितंच सांग. मीबी तितंच ऐकते."  मी काय मागंन ते तुमाला तरी कुठं मालूम होतं!

थोरले पंच म्हणले, "हं, पाटाचा दिवस धरू." तुमी म्हणलात, "आधी तिचं ऐका." ते म्हणले, "बाईमाणसाला काय विचारायचं त्यात?" तुमी म्हणलात, "तुमच्या घरी भाजीत मीठ किती ते कुणाला विचारता? मग जन्माचं विचारायला काय झालं?"

मग मी बोलले. खोडाआडून पुढं आले. म्हणलं, मला पाट नको. भावजींचं काही वाईट न्हाई, पण नको. दिवाळी ते आखाजी मी मेंढरामागं जाईन. पावसाळ्यात घरी राहीन, खालच्या पट्टीत माह्या हातानं जवारी पेरीन. गोठ्याच्या कडंला मला एक चूल लिपू द्या. लोकर विकायला बाजारात मी जाईन. माह्या लेकीला मला विचारल्याबिगर कुठं देऊ नका. आन् मला माहेरी धाडू नका. बस, एवढंच.

 मग थोरले पंच म्हणले, "म्हणजे घरबी पाहिजे न् रानबी पाहिजे? दोन्ही डगरींवर हात ठेवती का बाई?"

माह्या तोंडून निघून गेलं, "दोन हात हायेत ना मला."

कुणीतरी फिदकन हसलं. थोरले पंच तापले. म्हणले, "आन् ह्या पोराचं काय? रुईशी लगीन लागलंय त्याचं. आता ते ना कुवारं, ना संसाराचं. पहिल्या लगनाची पोरगी कोण देईल त्याला? रुईचं लगीन लावलं म्हणजे पाट लावावाच लागतो." आन् हे खरं होतं.  भाऊकीतले माना हलवायला लागले. मी पोरीला घट्ट धरलं. वाटलं, संपलं. एका झाडापायी माहं लेकरू जातंय.

तुमी उठलात. तडक पडीकडं चालू लागलात. पंच म्हणले, "बाई रागावली." कुणी म्हणलं, "येईल, जाईल कुठं." पानाची तबकडी फिरली. तवर तुमी परत आलात ती रुई खांद्यावर घेऊन, मुळासकट उपटलेली, सुताचे दोरे अजून लोंबत असलेली. हातावरून पांढरा चीक गळत होता. पंचांपुढं ती आडवी ठेवलीत आन् पदर डोक्यावर ओढून बसलात.

"ही माही धाकली सून," तुमी म्हणलात. "आत्ताच वारली."

थोरले पंच डोळे फाडून बघायला लागले. "अवं, झाडाचं कसलं मरण?"

"झाडाचं लगीन लागतं तर झाडाचं मरणबी लागतं. सुतक किती दिवस धरायचं ते तेवढं सांगा, पंचहो. पोरगं माहं रंडका झालं. रंडक्याचं लगीन आपल्यात होतं का न्हाई?"

होतं. ते कोण नाकारणार!  आन् भावजी, ते येडं, उठून रुईपाशी गेले आन् छाती पिटून ओरडले, "गेली गं माही राणी! एक शब्द वाकडा बोलली न्हाई कधी!" मग मात्र लिंबाखाली असं हसू फुटलं की थोरल्या पंचांचं पान पडलं तोंडातून. तेबी हसले, काय करतात बिचारे! हसणाऱ्या माणसाला न्हाई म्हणता येत न्हाई. माहं मागणं मान्य झालं. भावजींनी नदीवर जाऊन डोईवरून आंघोळ केली, तुमी चूल पेटवली न्हाई, शेजारून भाकरी आल्या. रीतच होती. खाताना तुमचे हात चिकानं लाल झालेले. मी तेल लावायला गेले तर हात काढून घेतलात. म्हणलात, "जा, तुही चूल लिप आधी."

पुढच्या साली भावजींचं लगीन ठरलं. पोरीचा बाप बिचकत म्हणला, "पहिली कशानं गेली?" भावजी म्हणले, "उन्हानं." सोन्यासारखी बायको मिळाली त्यांना. तुमच्या वंशाला चार नातवंडं झाली.

आन् आपण दोघी, आत्याबाई, किती भांडलो! माह्या चुलीचा धूर तुमच्या ओसरीवर येतो म्हणून, मी कोकराचं नाव ठेवते म्हणून, तुमी लेकीला गुळाचा खडा देता म्हणून. पण दिवाळीला मी निघाले की गावकुसापर्यंत यायचात. तोंडानं शिव्या, हातात शिदोरी. आखाजीला परत आले की आधी मेंढरं मोजायचात, मग मला बघायचात, वरपासून खालपर्यंत, आन् म्हणायचात, "काळी झालीस." तेवढं ऐकलं की घर आलं म्हणायचं.

रझाकाराच्या धामधुमीत मेंढरं लांब न्यायची सोय राहिली न्हाई. त्या साली मी घरीच होते, आन् बरं झालं होते. पावसाळा सरत आला तवा निजामाचं राज गेलं. गावात लोक गूळ वाटून राहिले होते आन् तुमी अंथरुणाला खिळलेल्या. मी गुळाचा खडा तुमच्या जिभेवर ठेवला. तो चघळत तुमी म्हणलात, "पोरी, तू मागितलं ते समदं भेटलं का गं तुला?"

मी म्हणलं, "भेटलं."

"मग बरं," म्हणलात. दुसऱ्या दिवशी गेलात.

मास्तरीणबाईला मी भावाच्या नावानं चार ओळी लिहून दिल्या, पाऊसपाणी बरं हाय म्हणून. तिनं शाबासकी दिली. हे पत्र तिला दाखवणार न्हाई आन् कुणालाच धाडणार न्हाई; धाडायचं तरी कुठं! पण एक बोलायचं राहिलंय, ते कागदाला तरी सांगते. तुमी गेल्यावरबी मेंढरं होती, खालची पट्टी होती, लिपलेली चूल होती, लेक माह्या मनानं दिली. मी मागितलेलं समदं जिथल्या तिथं होतं आन् मला करमत नव्हतं. आखाजीला परत आले की अंगणात उभी राहायचे, कुणीतरी काळी झालीस म्हणंल म्हणून. पंचांपुढं मी म्हणलं होतं, मला माहेरी धाडू नका. त्यांना वाटलं लेकरापायी म्हणती. लेकरापायी तर होतंच. पण वाटेनं मेंढरांना ऐकवलं होतं ते पुरं वाक्य निराळं होतं, आन् इतक्या माणसांपुढं, सासूच्या तोंडावर, ते म्हणायची मला लाज वाटली. मला तुमच्यापाशी राहायचं होतं, आत्याबाई.